खलाच्या कडेवरच्या रेघा

दरवर्षी प्रशिक्षणार्थींची नवी तुकडी आली की तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः एक तास घेत. एवढ्या मोठ्या संस्थेचे संचालक झाले, तरी हा तास त्यांनी कधी दुसऱ्याला दिला नाही. विषय असायचा नमुन्यात होणारी भेसळ. पडद्यावर एक आलेख यायचा आणि साहेब काठीचं टोक त्यातल्या उंच सुळक्यावर टेकवून म्हणायचे, "हा पाहा आमच्या संस्थेचा सगळ्यात महागडा दागिना."

मग बांगडीची गोष्ट. आकाशातून दगड पडतो, तो इथं तपासायला येतो, त्यात असं काही सापडतं की जगातल्या अभ्यासकांनी तोंडात बोटं घालावीत. आणि मग कळतं, की नमुना तयार करणाऱ्या बाईंनी हातातली सोन्याची बांगडी काढलीच नव्हती. "तेव्हा मुलांनो," साहेब शेवटी म्हणत, "विज्ञानाचे शत्रू दोन, धूळ आणि दागिने. त्यातली धूळ निदान आरशात बघत नाही." वर्ग खो खो हसायचा.

वर्गाच्या मागची भिंत भांडारघराची होती. भिंतीच्या पलीकडे, शिडीवर बसून काचेची चंचुपात्रं मोजता मोजता त्या बाई हे सगळं ऐकत असत. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, एकोणीस वर्षं. पुढची तीन वर्षं त्या पुन्हा प्रयोगशाळेत होत्या. तिथं हसणं ऐकू येत नसे, पण तास संपला की नवी पोरं मुद्दाम त्यांच्या टेबलावरून जात आणि हळूच त्यांच्या मनगटाकडे बघत. मनगट उघडंच असायचं. हजेरीपटावर त्यांचं खरं नाव होतं, बाकी सगळीकडे त्या बांगडीबाई होत्या.

बाईंचं काम समजायला सोपं आहे. दगडात काय काय आहे ते कळायला त्याची चिमूटभर पूड कुपीत बंद करायची आणि अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवायची. बाहेर काढली की पुडीतले काही अणू किरणोत्सारी झालेले असतात, आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे गॅमा किरण सोडू लागतं. डिटेक्टर ते मोजतो, आलेखावर सुळके उठतात. इरिडियमचा ३१६ वर, सोन्याचा ४१२ वर. हे आकडे बाईंना स्वतःच्या जन्मतारखेसारखे पाठ. पद्धत इतकी तिखट, की कोट्यवधी कणांत एक कण परका असला तरी तो बोंब मारतो. म्हणून प्रयोगशाळेच्या दाराशी स्टीलची एक वाटी ठेवलेली असे. आत जाणाऱ्यानं अंगावरचं सोनंनाणं त्या वाटीत काढून ठेवायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा.

बाई सव्वीस वर्षांच्या होत्या तेव्हाही रोज बांगडी त्या वाटीत ठेवत. रोज म्हणजे रोज. बांगडी त्यांच्या वडिलांनी स्वतः घडवलेली होती. वडील सोनार. मुलगी अणुभट्टीत नोकरीला लागली म्हणून त्यांनी चार दिवस दुसरं काम हातात घेतलं नव्हतं.

त्या वर्षी तो दगड आला. एका कारखान्याच्या पत्र्यावर पडलेला, वरून काळा, आतून राखाडी, मुठीत मावेल एवढा. ज्या जातीचा तो दिसत होता, त्या जातीत इरिडियम जवळपास नसतंच. साहेब तेव्हा विभागप्रमुख होते आणि त्यांना मोठं व्हायची फार घाई होती. "हा दगड मी स्वतः घोटणार," ते म्हणाले. अकिकाचा, म्हणजे पोलादाहून कठीण दगडाचा, खल डाव्या हातानं घट्ट धरून, उजव्या हातानं बत्ता फिरवत ते घोटत बसले. मध्येच पूड कडेला चिकटली की डाव्या हाताची अंगठी कडेला घासत टकटक करत, म्हणजे पूड खाली पडे.

"सर, अंगठी," बाई म्हणाल्या.

"चांदीची आहे हो ही, सोन्याची नाही. आणि बोटातून निघतही नाही."

"मग याच खलात कोरी क्वार्ट्झ घोटून एक ब्लँक पाठवू का? खलातून काय येतं ते तरी कळेल."

"परिषद दहा दिवसांवर आलीय बाई. ब्लँक कसले घोटत बसताय!"

निकाल आला. इरिडियम असायला हवं त्याच्या शंभरपट. साहेबांनी परिषदेत नवीन जातीचा दगड जाहीर केला, टाळ्या घेतल्या, गळ्यात हार घालून फोटो काढून घेतले. चार महिन्यांनी परदेशातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्याच दगडाचा दुसरा तुकडा त्यांच्याकडे होता आणि त्यात इरिडियम औषधालाही नव्हतं. इथं वेगळ्या खलात पुन्हा घोटून पाहिलं तर इथंही नाही. म्हणजे भेसळ झाली होती. आता ती कुणी केली, हे ठरवायचं राहिलं होतं, आणि साहेबांनी ते ठरवलं. घोटलेली पूड वजन करून कुपीत भरली होती बाईंनी, एवढं कारण त्यांना पुरलं.

चौकशीला तिघं बसले. एक आस्थापना विभागातले, एक पंप आणि पाइपांचं बघणारे इंजिनिअर, आणि तिसरे साहेब स्वतः. चौकशी पंधरा मिनिटं चालली. बाईंनी आलेखाचा कागद टेबलावर पसरला. "४१२ बघा. सोन्याचा सुळका वाढलेलाच नाही. वाढलंय ते इरिडियम. माझ्या बांगडीत सोनं आहे आणि थोडं तांबं आहे. इरिडियम नाही."

"दागिन्यांत काय काय मिसळतात, कुणी पाहिलंय?" आस्थापनेवाले म्हणाले. "आणि बायकांच्या अंगावर काहीतरी असतंच."

सोनं न वाढता नुसतं इरिडियम वाढलं तर बांगडीचा काही संबंध नाही, हे त्या खोलीत दोघांनाच कळत होतं. एक बाई, आणि दुसरे साहेब. साहेब टेबलाकडे बघत राहिले. बाईंना आठवतं ते त्यांचं बोट. टेबलावर ठेवलेल्या डाव्या हाताच्या बोटावर पांढरा पट्टा होता. न निघणारी अंगठी निघाली होती. बाईंना तेव्हा वाटलं, उशिरा का होईना शहाणपण सुचलं. चांदीच्या अंगठीतून इरिडियम कुठून येणार? म्हणून त्यांनी त्या पट्ट्याचा पुढं विचारच केला नाही. आजही त्या स्वतःला सगळ्यात जास्त शिव्या त्यासाठी देतात.

त्यांची बदली भांडारात झाली. अणुभट्टीतून निघालेली मुलगी बाटल्या मोजायला बसली. एवढ्यावर भागलं असतं तरी बाईंनी गिळलं असतं. पण गोष्ट बाहेर गेली, आणि ज्या गल्लीत वडिलांचं दुकान होतं तिथंही पोचली. "तुमच्या बांगडीनं म्हणे आकाशातला दगड बाटवला," एक गिऱ्हाईक हसत हसत बोललं. दुसरं म्हणालं, "झडणारं सोनं नको बाबा." म्हातारा माणूस पाटावर बसून दिवसभर ती बांगडी हातात फिरवायचा. भिंग लावून बघायचा, कुठं झिजलीय का. एकदा तर म्हणाला, "मी येतो तुझ्या साहेबांकडे. कस लावून दाखवतो त्यांना." बाईंनी नेलं नाही. कुठल्या तोंडानं नेणार?

तिसऱ्या वर्षी वडील गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी एकदाच विचारलं, "पोरी, खरंच माझ्या बांगडीनं का गं?"

"नाही बाबा. शप्पथ नाही."

"मग कशानं?"

बांगडीनं नाही एवढंच बाईंना माहीत होतं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मुलगी आपलं मन राखायला बोलतेय असं त्यांना वाटलं, आणि तसंच वाटत ते गेले. बाईंनी डूख धरला तो त्या दिवशी. बदलीचं, हसण्याचं, बाटल्यांचं सगळं एका बाजूला, आणि हे "मग कशानं" एका बाजूला.

वर्षांमागून वर्षं गेली. साहेब विभागप्रमुखाचे उपसंचालक, उपसंचालकाचे संचालक झाले. प्रयोगशाळेत हात घालायचं बंद झालं तशी अंगठीही परत बोटात आली. साहेबांची शेवटची तीन वर्षं राहिली तेव्हा विभागाला नव्या प्रमुख आल्या. ताडमाड उंच, म्हणून सगळे त्यांना उंच मॅडम म्हणत. त्यांना मिलिग्रॅमचं वजन करताना हात न थरथरणारं माणूस हवं होतं. जुने अहवाल चाळून त्यांनी विचारलं, "ही वजनं कुणी केलीत?" अशा रीतीनं बाई एकोणीस वर्षांनी उंबऱ्याच्या आत परतल्या. त्या दिवशी वाटीत ठेवायला त्यांच्या हातात काही नव्हतं. बांगडी घरी कपाटात पडून होती.

साहेबांच्या निवृत्तीच्या वर्षी जुनं भांडारघर पाडायचं ठरलं. कुठल्या फळीवर काय आहे ते बाईंइतकं कुणाला माहीत नव्हतं, म्हणून त्यांनाच बोलावलं. सगळ्यात मागं लोखंडी कपाट होतं, साहेबांच्या सहीचं सील लावलेलं. एकोणीस वर्षं बाईंनी त्यावरची धूळ पुसली होती, आत काय आहे ते मात्र ठाऊक नव्हतं. आता तीन माणसांच्या समितीसमोर सील तोडलं. आत एकच खोकं, त्यावर साहेबांच्या अक्षरात, "निकामी. वापरू नये." खोक्यात तो अकिकाचा खल.

संस्थेची वस्तू फुटते, हरवते, लोकांच्या घरीही जाते, पण रीतसर टाकून देता येत नाही. तिच्यासाठी अर्ज लागतो, कारण लागतं, पाच सह्या लागतात. कारण काय लिहिणार? म्हणून साहेबांनी खल टाकला नाही, कोंडून ठेवला. चोराच्या मनात चांदणं, ते असं.

बाईंनी खल खिडकीशी नेला आणि उजेडात तिरपा धरला. डावीकडच्या कडेवर राखाडी रेघा होत्या, बारीक, शेजारी शेजारी, दहाबारा. बोटानं घासून पाहिल्या, गेल्या नाहीत. खल तर दर वेळी आम्लानं धुतलेला. तरी रेघा तशाच.

सोनाराच्या मुलीला रेघ वाचायला शिकवावी लागत नाही. कसोटीच्या दगडावर दागिना घासायचा, रेघ उमटते; त्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडायचा आणि बघत बसायचं. बाईंनी लहानपणी हा खेळ हजारदा पाहिला होता. अकीक तर कसोटीच्या दगडाइतकाच कठीण. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका रेघेवर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला. चांदी असती तर रेघ पुसली गेली असती. राहिली. मग सोन्यालाही खाणारं मिश्रण टाकलं. तरी राहिली. पांढरी रेघ, चांदीची नाही, सोन्याची नाही. राहिलं एकच, प्लॅटिनम. आणि मऊ प्लॅटिनमची अंगठी टणक व्हावी म्हणून त्यात काय मिसळतात, हे वडिलांनी त्यांना केव्हाच सांगून ठेवलं होतं. इरिडियम.

बाई स्टुलावर बसल्या. कानात टकटक वाजत होतं. डोळ्यांपुढं तो बोटावरचा पांढरा पट्टा. चौकशीच्या आधीच साहेबांना कळलं होतं. कळून त्यांनी अंगठी काढली, खल कोंडला, आणि नंतर दरवर्षी तिसऱ्या दिवशी उभं राहून बांगडीची गोष्ट सांगितली. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून, असं म्हणतात. या माणसानं तर झाकलेल्यावर बसून दुसऱ्याचं जगाला दाखवलं.

नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, स्वभावानं मऊ. बाईंनी सांगितलं तसा तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "अगं, माणूस या वर्षी निवृत्त होतोय. जाऊ दे ना आता."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "गेला की मग कुणाला सांगू?"

नुसत्या रेघा दाखवून भागणार नव्हतं. रेघ ही सोनाराची साक्ष. या इमारतीत साक्ष म्हणजे आलेख. एक दुपार बाईंच्या मनात वाईट विचारही येऊन गेला. प्रयोगशाळेत इरिडियमचं द्रावण होतंच. एक थेंब हवा तिथं टाकला असता, तर सुळका आकाशाला भिडला असता. त्यांनी ती बाटली हातात घेतलीही. मग परत ठेवली. चांगुलपणा म्हणून नाही. पुढं कुणी खोट पकडली असती तर बांगडी पुन्हा त्यांच्याच गळ्यात आली असती, म्हणून. त्यांना असा घाव हवा होता की त्यावर मलम लावायला जागा उरू नये.

त्यांनी तीन रेघांवर स्वच्छ क्वार्ट्झची पूड घासली, फिल्टर पेपरनं टिपून घेतली आणि कुपीत बंद केली. कडेच्या बिनरेघांच्या भागावरूनही तसाच एक कागद, आणि नुसत्या कोऱ्या पुडीचा एक, ब्लँक म्हणून. बावीस वर्षांपूर्वी जो ब्लँक घोटू दिला नव्हता, तो आता त्यांनी एक नाही, दोन केले. कामाच्या यादीबाहेरचा नमुना अणुभट्टीत घालायला संचालकांची सही लागते. बाईंनी अर्ज स्वतःच्या अक्षरात भरला. नमुना: जुन्या अकीक खलाच्या कडेवरील धातूच्या रेघा. उद्देश: भेसळीचं मूळ शोधणं. एक शब्द लपवला नाही.

साहेब चहा पीत होते. त्यांनी अर्जाकडे पाहिलं, म्हणजे सही करायची जागा पाहिली. "अजून मोजताय का बाई? मोजा, मोजा," म्हणत सही ठोकली. अंगठी टेबलाच्या काचेवर टक्कन वाजली.

कुपी सहा तास न्यूट्रॉनांत राहिली. मग तीन दिवस निवत ठेवली, कारण आधी दुसरी किरकोळ मूलद्रव्यं गोंगाट करतात आणि ती गप्प झाल्याशिवाय हवं ते ऐकू येत नाही. थांबायची बाईंना सवय होती. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी कुपी डिटेक्टरवर ठेवली आणि दार लावून घेतलं. तासाभरात ३१६ वर सुळका उठला. मग ४६८ वर, तोही इरिडियमचाच. मग प्लॅटिनमचा, १५८ वर. ४१२ वर काही नाही. सोन्याचा मागमूस नाही. दोन्ही ब्लँक कोरे.

बाईंनी कागद छापून घेतला, त्या सुळक्यावर बोट ठेवलं आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाल्या, "ह्यानं, बाबा. ह्यानं."

मग पोटभर रडल्या. तोंड धुऊन कागद उंच मॅडमपुढं नेऊन ठेवला.

मॅडमनी दोनदा वाचला. "बापरे," त्या म्हणाल्या. "पण निरोप समारंभ आठ दिवसांवर आलाय. तो उरकू द्या, मग रीतसर पाठवू अहवाल."

"रीतसरच चाललंय की मॅडम बावीस वर्षं."

मॅडमनी समारंभाची कार्यक्रमपत्रिका पुढं ओढली. विभागातर्फे भेटवस्तू देण्याच्या ओळीत त्यांचं स्वतःचं नाव होतं. ते खोडून त्यांनी बाईंचं लिहिलं. "भेट काय द्यायची ते तुम्हीच ठरवा," त्या म्हणाल्या. "मला आधी सांगू नका."

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत साहेबांच्या बायको आणि धाकटी मुलगी, मागं यंदाची प्रशिक्षणार्थींची तुकडी. भाषणं झाली. साहेब उभे राहिले, आठवणी सांगितल्या, आणि व्हायचं तेच झालं. बांगडीची गोष्ट आली. धूळ आणि दागिने आले. सभागृह हसलं. "आणि योगायोग बघा," साहेब पत्रिका बघत म्हणाले, "विभागाची भेट द्यायला येतायत आपल्या बांगडीबाईच!" पुन्हा हशा.

बाई खोकं घेऊन वर गेल्या. टेबलावर, जिथली वस्तू मागच्या पडद्यावर मोठी दिसते त्या कॅमेऱ्याखाली, त्यांनी खोकं उघडलं आणि खल ठेवला. पडद्यावर तो घमेल्याएवढा दिसला. साहेबांचं हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतलं मात्र गेलं.

"सर, ओळखलंत ना?" बाईंनी माइक हातात घेतला. "याच खलात तुम्ही तो दगड घोटला होता. वाजवा की एकदा, तेव्हा वाजवायचात तसं."

लोकांना वाटलं, काय छान भेट आणली! टाळ्या सुरू झाल्या. साहेब हात मागं घेत होते, पण तीनशे माणसं टाळ्या वाजवत असताना हात किती मागं जाणार? बाईंनी तो डावा हात नम्रपणे धरला आणि अंगठी अकिकाच्या कडेवरून जोरात ओढली. पडद्यावर एक नवी राखाडी रेघ उमटली, जुन्या रेघांच्या शेजारी, त्यांचीच सख्खी बहीण.

मग त्यांनी स्वतःच्या पिशवीतून वडिलांची बांगडी काढली. वडील गेल्यापासून ती कुणी पाहिली नव्हती. तीही त्याच कडेवरून ओढली. रेघ पिवळीधमक.

"मुलांनो," बाई मागच्या रांगांकडे बघून म्हणाल्या, "तीन प्रकारच्या रेघा आहेत. जुन्या, सरांची, आणि माझी. जुन्या रेघा कुणासारख्या दिसतात? हातच्या कांकणाला आरसा कशाला! आणि ज्यांना आरसा हवाच आहे, त्यांच्यासाठी हा आलेख. जुन्या रेघांत प्लॅटिनम आणि इरिडियम. सोनं शून्य. नमुना मोजायच्या परवानगीवर सही कुणाची आहे, तीही बघून घ्या."

आता कुणी हसत नव्हतं. साहेब माइकपासून तोंड वळवून पुटपुटले, "बाई, हे इथं नको."

"माझं इथंच झालं, सर. दरवर्षी." बाईंनी माइक खाली ठेवला नाही. "आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं असं म्हणू नका. चौकशीच्या दिवशी तुमच्या बोटावर अंगठीच्या जागी पांढरा पट्टा होता. मी पाहिला होता."

साहेब म्हणाले, "तो काहीतरी... मी अंगठी कधी काढली नाही."

पुढच्या रांगेतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. त्या बिचाऱ्या नवऱ्याला मदत करायलाच बोलल्या. "असं काय करता? काढली होतीत की. त्या दगडाची चौकशी चालली होती त्याच आठवड्यात. बोटाला टोचते म्हणून माझ्याकडे दिलीत, आणि माझ्या माहेरची प्लॅटिनमची वस्तू म्हणून मी ती जपून ठेवली."

सोनारानंच कान टोचलेले बरे, असं म्हणतात. इथं टोचायला घरचंच माणूस उठलं. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. धाकटी मुलगी खाली मान घालून आधी उठली आणि बाहेर गेली.

बाईंना वाईट वाटलं का? नाही वाटलं. खोटं कशाला सांगा! त्यांना आनंद झाला, भुकेल्या माणसाला जेवल्यावर होतो तसा. त्यांनी सगळ्यांदेखत बांगडी हातात घातली आणि खल तिथंच टेबलावर ठेवून पायऱ्या उतरल्या. त्या दिवशी चहापानाला साहेबांभोवती कुणी नव्हतं.

संस्थेनं चूक दुरुस्त केल्याचं पत्रक काढलं, जुन्या अहवालातला बाईंवरचा शेरा खोडला. नव्या संचालकांनी विचारलं, "बाई, तुम्हाला आणखी काय हवंय?" बाईंनी एकच मागितलं. तिसऱ्या दिवसाचा तास.

पुढच्या तुकडीला तो तास बाईंनी घेतला. पडद्यावर खल, कडेवरच्या रेघा, शेजारी साहेबांचा गळ्यात हार घातलेला तो जुना फोटो. नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. गरजच पडली नाही. अंगठीसाहेबांची गोष्ट म्हणून ती दोन दिवसांत सगळ्या इमारतीत झाली.

आठवड्यानं फोन आला. साहेबांचा. आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"बाई, झालं ना आता तुमचं समाधान? पुरे करा हे."

"सर, तुम्ही तेवीस वेळा सांगितलीत. मी एकदा सांगितली. बावीस बाकी आहेत."

"तुम्ही तोवर निवृत्त व्हाल."

"पाहुणी म्हणून येईन."

मग साहेब म्हणाले, "एक विनंती करतो. धाकटीची निवड झालीय. पुढच्या तुकडीत ती आहे. दुसरीकडे जा म्हटलं, ऐकत नाही. तेवढं एक वर्ष सोडा. मुलीनं बापाबद्दल असं भर वर्गात ऐकायचं म्हणजे... तिचा काय दोष आहे?"

बाई प्रयोगशाळेच्या दाराशी उभ्या होत्या. क्षणभर त्यांना त्या मुलीची खाली घातलेली मान दिसली. मग पाटावर बसून भिंगातून बांगडी न्याहाळणारा म्हातारा दिसला.

"दोष काहीच नाही, सर. माझ्या बाबांचाही नव्हता," त्या म्हणाल्या. "तिला पहिल्या बाकावर बसायला सांगा. मागून रेघा नीट दिसत नाहीत."

त्यांनी फोन ठेवला, हातातली बांगडी काढून स्टीलच्या वाटीत ठेवली आणि कामाला आत गेल्या.